पुणे–सावंतवाडी–पुणे: सव्वादोन वर्षांची मुलगी, एक हॅचबॅक आणि दोन वेगळे प्रवास

गणपतीला कोकणात जाणाऱ्या घरांमध्ये हमखास दिसणारं हे प्रकरण आहे. हे कुटुंब कुणा एकाचं नाही. अशा प्रवासांत पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टी एका घरात एकत्र करून मांडल्या आहेत, म्हणजे कुठे काय चुकलं आणि कशाने सुधारलं हे तासातासाने बघता येतं.

गाडीत चौघं. बाबा चालवणार, शेजारी आई, मागे आजी आणि डावीकडे लहान मुलांच्या कार सीटमध्ये मुलगी. वय सव्वादोन वर्षं, वजन साडेअकरा किलो. रस्ता पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली घाट, सावंतवाडी. सुमारे पावणेचारशे किलोमीटर. चतुर्थीच्या आदल्या दिवशी निघाले.

जाताना

पहाटे सहाला निघायचं ठरलं होतं. बॅगा, मोदकपात्र आणि आरतीचं तबक डिकीत बसेपर्यंत आठ चाळीस झाले. मुलगी साडेसहालाच उठवून तयार करून ठेवली होती, म्हणजे गाडी हलण्याआधीच तिचे दोन तास खर्च झालेले. कोथरूडहून खेड शिवापूरचा टोलनाका गाठायला सव्वा तास लागला. तेवढ्यात खेळण्यांची पिशवी पूर्ण रिकामी झाली. पिशवी एकच होती आणि ती मुलीच्या हाताशी ठेवलेली. तिने एकेक वस्तू काढून बघितली आणि खाली टाकली. चौदा खेळणी पंचवीस मिनिटांत पायाखाली गेली. आई पुढच्या सीटवरून वळून, स्वतःचा बेल्ट सोडून ती उचलून देत होती. दहा मिनिटांत आईलाच मळमळायला लागलं.

सव्वादहाला मोबाइल हातात दिला. साताऱ्यापर्यंत शांतता. साताऱ्याच्या पुढे हॉटेलात पन्नास मिनिटं थांबले, पण तिथेही मुलगी उंच खुर्चीतच बसली, कारण मोठ्यांना निवांत जेवायचं होतं. तिच्या अंगाला विश्रांती मिळाली नाहीच. एका खुर्चीतून दुसऱ्या खुर्चीत एवढाच फरक. दुपारची झोप कराडजवळ लागली, पण वीसच मिनिटं. चहाला थांबताना गाडी बंद केली आणि ती दचकून उठली. तिथून कोल्हापूरपर्यंत रडणं. पेठ नाक्याच्या आसपास आजी म्हणाल्या, "एवढं रडतंय लेकरू, घे की मांडीवर. तुम्ही सगळे मांडीवर बसूनच मोठे झालात ना?" पट्टा सुटला. त्यानंतर सीटमध्ये परत बसवायचा प्रत्येक प्रयत्न आधीपेक्षा मोठ्या भोकाडात संपला.

सव्वासहाला आजऱ्याच्या आधी भूक लागली म्हणून बाटलीभर दूध आणि क्रीमची चार बिस्किटं. अंधार पडायला लागला, आंबोलीचा उतार सुरू झाला, हातात पुन्हा मोबाइल. पहिल्या काही वळणांतच उलटी, खाली पोचेपर्यंत दुसरी. बदलायचे कपडे डिकीत, बॅगांच्या तळाशी. घरी पोचले रात्री आठ वीसला. अकरा तास चाळीस मिनिटांत रडणं जवळजवळ तीन तासांचं.

नेमकं काय बिघडलं

आई-बाबांचं पहिलं निदान होतं, "खेळणी कमी पडली." आमच्या मते हेच निदान सगळ्यात महागात पडतं, कारण मग पुढच्या वेळी चौदाची वीस खेळणी होतात आणि प्रवास तसाच जातो. या वयाचं मूल गाडीत कंटाळण्याआधी जखडलेलं असतं. घरी ते दर दोन-तीन मिनिटांनी जागा बदलतं, चढतं, उतरतं, बसकण मारतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात पाच वर्षांखालच्या मुलांना बाबागाडी, उंच खुर्ची अशा ठिकाणी एका वेळी एक तासाहून जास्त बांधून ठेवू नये असं म्हटलं आहे. लांबच्या रस्त्यावर तो तास काटेकोर पाळणं अवघड आहे. जागं असताना सलग सव्वा तास, फार तर दीड तास, ही आमची मर्यादा. झोपलेलं असेल तर गाडी थांबवायची नाही.

खेळण्यांचं म्हणाल तर दोन वर्षांच्या मुलाला नवी वस्तू पाच ते दहा मिनिटं पुरते. चौदा वस्तू एकदम समोर आल्या की त्या चौदा राहत नाहीत, एकच होते: "पिशवीतून काढून टाकायचा खेळ". तो खेळ संपला की सगळंच संपतं.

उलटीचं कारण वेगळं सांगायला हवं. "गेल्या वर्षी याच घाटात काही झालं नव्हतं," असं घरात सगळे म्हणत होते, आणि ते खरं होतं. गाडी लागणं दोन वर्षांखाली क्वचित दिसतं, त्यानंतर सुरू होतं आणि शाळेच्या वयात वाढतं. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, त्याला प्रत्येक वळण कळतं. डोळे मात्र मांडीवरच्या स्थिर पडद्यावर खिळलेले. दोघांचा मेळ बसत नाही आणि पोट ढवळतं. त्यात अर्ध्या-पाऊण तासापूर्वीचं दूध, तुपकट क्रीम, खाली झुकलेली मान आणि दमलेलं शरीर. अंधारामुळे बाहेर बघायला क्षितिजही उरलं नव्हतं.

आणि मांडी. आजींची माया खरी आहे, पण हातांत तेवढं बळ नसतं. ताशी ५० किलोमीटरच्या वेगात गाडी धडकून एक दशांश सेकंदात थांबली, तर वजन सुमारे चौदा पट जाणवतं. साडेअकरा किलोची मुलगी दीडशे किलोहून जड होते. ती कुणालाही धरता येणार नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या सुधारणेने आलेल्या कलम १९४ ब नुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा कार सीट न लावता नेलं तर १००० रुपये दंड आहे. या घरात दंडाचा उल्लेख करावा लागला नाही. दीडशे किलोचा हिशेब ऐकल्यावर आजींनी स्वतःच विषय मिटवला.

मधले दिवस: सावंतवाडीत केलेली तयारी

परतीला पाच दिवस होते. पहिल्यांदा सीट तपासली. खांद्यावरचा पट्टा सैल होता. त्यावर चिमटा घेतला की बोटांत घडी येत होती. घडी येता कामा नये. याच सैलपणामुळे ती हात बाहेर काढत होती, आणि घरचे त्याला हट्ट समजत होते. पट्टे एक खाच खालून घातलेले होते. पुढे तोंड करून बसवलेल्या सीटमध्ये ते मुलाच्या खांद्याच्या बरोबरीने किंवा जरा वर निघायला हवेत. पावसाळी जाकीट घालून पट्टा लावायचा नाही. कापडाच्या जाडीएवढी ढील राहते. जाकीट काढून, पट्टा लावून, वरून पातळ दुपटं घालायचं.

उलटीने माखलेलं सीटचं कापड काढून धुतलं, पण पट्टे भिजवले नाहीत. साबणाच्या पाण्यात भिजवल्याने पट्ट्याचे धागे कमजोर होऊ शकतात. ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवले. वासासाठी सीटच्या फोमवर खायचा सोडा रात्रभर पसरून सकाळी झटकला.

मग सराव. तीन संध्याकाळी मोती तलावापर्यंत आणि परत, पंधरा-वीस मिनिटांची फेरी. नियम एकच आणि तिच्या भाषेत: "पट्टा लागला की गाडी पळते, पट्टा सुटला की गाडी झोपते." पहिल्या दिवशी तिने दोनदा हात काढला. दोन्ही वेळा बाबांनी शांतपणे गाडी कडेला घेऊन बंद केली, न रागावता, न समजावता. तिसऱ्या दिवशी तीच "गाडी झोपेल" म्हणायला लागली. असा सराव गावातल्या रिकाम्या रस्त्यावरच करायचा. महामार्गावर कडेला थांबणं धोक्याचं असतं. तिथे पुढचा पेट्रोल पंप येईपर्यंत रडू द्यावं लागतं.

आजींनी चितारआळीतून लाखकाम केलेली लाकडी फळं आणली होती. मुलगी त्यांच्यावर बेहद्द खूश. पण ती चालत्या गाडीत द्यायची नाहीत असं ठरलं, कारण ब्रेक लागला की लाकडी आंबा दगडासारखा उडतो. ती फक्त थांब्यावर, जमिनीवर बसून खेळायला. हे फार कामाला आलं: गाडीतून उतरण्याला स्वतःची एक मजा मिळाली.

गाडीतली दहा पुडकी

खेळण्यांची संख्या चौदावरून दहावर आणली आणि प्रत्येक वस्तू वेगळ्या कागदी पिशवीत घातली. पिशवी उघडणं हाच दोन मिनिटांचा खेळ होतो. सगळ्या पिशव्या मोठ्यांच्या पायाशी, मुलीला दिसणार नाहीत अशा. पुढची बाहेर येण्याआधी आधीची आत जाते. तिने वस्तू खाली टाकली तर ती लगेच उचलायची नाही, नाहीतर टाकणं हाच खेळ होऊन बसतो.

सगळ्यात जास्त वेळ चालल्या त्या बिनपैशाच्या गोष्टी. मास्किंग टेपच्या बोटभर लांबीच्या वीस पट्ट्या खिडकीच्या कडेला लावून ठेवल्या. ओढायच्या, पुन्हा चिकटवायच्या. सतरा मिनिटं. टिश्यूच्या रिकाम्या खोक्यात एकमेकांना गाठी मारलेले सहा हातरुमाल. ओढत राहायचं, मग कोंबायचे. चौदा मिनिटं. पाण्याच्या पेनाने रंग उमटणारं पुस्तक बारा मिनिटं चाललं. त्याचं पेन वीतभर फितीने पुस्तकालाच बांधलं होतं. फीत वीतभरच, त्याहून लांब नको, गळ्याभोवती जायला नको. कापडी पुस्तक, बोटात घालायच्या दोन लोकरी बाहुल्या, चेन-बटण-वेल्क्रो शिवलेला चौकोन आणि चिकटचिठ्ठ्यांची गड्डी यांनी प्रत्येकी सात-आठ मिनिटं दिली. आवाज करणारं, बॅटरीवर गाणारं खेळणं मुद्दाम नेलं नाही. चालकाच्या कानाशी तेच सहा सूर तासभर वाजणं सुरक्षिततेच्या दृष्टीनेही बरं नव्हे. मेणाचे रंग उन्हात सीटवर वितळतात आणि चिकणमातीचे गोळे पट्ट्याच्या कुलपात अडकतात, म्हणून दोन्ही घरी ठेवले.

खाण्यासाठी बोटाएवढे कापलेले थालीपिठाचे तुकडे, उकडलेलं रताळं, केळं, तूप लावलेल्या पोळीची गुंडाळी. फुटाणे, शेंगदाणे, लाह्या, अख्खी द्राक्षं गाडीत नाहीतच. मागे बसलेल्या मुलाच्या घशात काही अडकलं तर आवाज होत नाही, आणि चालकाला ते आरशातही कळत नाही. खाताना शेजारी मोठं माणूस हवंच.

डिकीत न ठेवता आईच्या पायाशी एक पिशवी: पूर्ण कपड्यांचे दोन जोड, दोन पंचे, चार झिपलॉक पिशव्या, पाच डायपर, दोन लिटर पाणी, ओआरएसचं पाकीट. शी-शूची सवय लावणं चालू होतं, तरी त्या दिवशी डायपरच. प्रवासाच्या दिवशी सवय पक्की करायला जाऊ नये. प्रत्येक थांब्यावर डायपर बदलला की पुरे.

परतताना

येताना घाट सुरुवातीला येतो, हा या रस्त्याचा मोठा फायदा. आदल्या रात्री मुलीला प्रवासाचेच सुती कपडे घालून झोपवलं. पहाटे पाच दहाला झोपलेली तशीच उचलून सीटमध्ये ठेवली, पट्टा घट्ट केला आणि निघाले. बाबा रात्री नऊलाच झोपले होते. मुलाची झोप साधावी म्हणून रात्री एक-दोनला निघण्याचा सल्ला बरेच जण देतात. तो आम्ही देणार नाही, कारण पहाटे दोन ते पाच ही चालकाला डुलकी लागण्याची वेळ.

झोपेत डोळे मिटलेले असतात, त्यामुळे गाडी लागण्याचा प्रश्न बराच कमी होतो. आंबोली चढून वर आले तरी ती झोपलेलीच. धुकं होतं, धबधब्यापाशी थांबायचा मोह सगळ्यांना झाला, पण थांबले नाहीत. थांबले असते तर ती उठली असती, आणि तिथली माकडं हातातलं खाणं ओढून नेतात. ती उठली सहा चाळीसला, आजऱ्याच्या अलीकडे.

पहिला थांबा आजरा, सात वाजता, पस्तीस मिनिटं. इथे क्रम बदलला होता: आधी मुलीचं पळणं, मग मोठ्यांचा चहा. एक मोठं माणूस फक्त तिच्या मागे. डबक्यात उड्या, पायरीवर चढ-उतार, लाकडी फळांचा बाजार, मग न्याहारी. दुसरा थांबा कागलजवळ, आठ पंचावन्नला, वीस मिनिटं. तिसरा पेठ नाका, साडेदहाला, पस्तीस मिनिटं. इथेच तिला लवकर दहीभात भरवला. गाडी हलल्यावर सव्वाअकराच्या सुमारास खिडकीचा पडदा अर्धा खाली, आवाज बंद, तिचं नेहमीचं दुपटं. अकरा वीसला झोप लागली ती थेट बारा पन्नासपर्यंत. या दीड तासात गाडी एकदाही थांबली नाही; टाकी पेठ नाक्यालाच भरून घेतली होती. जाताना चहासाठी मोडलेली झोप इथे वाचली. चौथा थांबा शिरवळ, एक वीसला, अर्धा तास. घरी सव्वातीनला.

बसण्याच्या जागाही बदलल्या. गुडघे दुखतात म्हणून आजी पुढे, आई मागे मुलीशेजारी. शिरवळनंतर अर्ध्या तासासाठी अदलाबदल, कारण आईच्या आवाजालाही विश्रांती लागते आणि आजीची तीच ती गोष्ट मुलीला अकराव्यांदाही नवी असते.

मुलगी जागी असताना गाडी चालली ती जवळजवळ पाच तास. त्यातला खेळण्यांचा वाटा फार तर शंभर मिनिटांचा निघाला. तासभर खिडकीचा. सातारा-कागल टप्प्यात रुंदीकरणाची कामं असल्याने जेसीबी, रोलर, डंपर यांची रांगच. "पिवळा जेसीबी आला की टाळी" हा खेळ एकट्याने वीस मिनिटं चालला. दोन वर्षांच्या मुलाला रंग ओळखायला सांगून उपयोग नाही. एकच ठसठशीत वस्तू शोधायला द्यायची. खिडकीवर पूर्ण जाळी लावली असती तर हे काहीच दिसलं नसतं. जाळी वरच्या अर्ध्या भागाला, ऊन ज्या बाजूला त्याच बाजूला. चाळीस मिनिटं बडबडगीतं आणि बोटांचे खेळ, अर्धा तास खाणं. उरलेला वेळ काहीच नाही: नुसतं बाहेर बघणं, दुपटं चावणं. या "काहीच नाही"ला घाबरून पालक पुढचं खेळणं काढतात. मूल गप्प असेल तर हात आवरायचा. गप्पपणा मोडला की तो परत येत नाही.

मोबाइल शिरवळनंतर वीस मिनिटं दिला. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेच्या २०२१ च्या सूचनेनुसार दोन वर्षांखाली पडदा टाळावा, दोन ते पाच वर्षांत दिवसाला एक तासाच्या आत ठेवावा. हिशेब त्यात बसत होता, पण महत्त्वाचं होतं ते कुठे आणि कसा: सरळ रस्त्यावर, पुढच्या सीटच्या पाठीला घट्ट बसवलेल्या धारकात, मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर. घाटात नाही आणि मांडीवर नाही.

उलटी झाली नाही. झाली असती तर काय, हे ठरलेलं होतं: सुरक्षित जागी थांबायचं, तोंड पुसायचं, दहा-पंधरा मिनिटं काही द्यायचं नाही, मग ओआरएस चमचा-चमचा करत, दर काही मिनिटांनी. सहा-आठ तास शू झाली नाही किंवा मूल मलूल झालं तर डॉक्टर.

एका गोष्टीवर घरात वाद झाला. कुणीतरी सुचवलं, "सर्दीचं औषध अर्धा चमचा दे, झोपेल छान." नाही, कधीच नाही. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन या जोडीची सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असा इशारा लेबलवर छापण्याचा आदेश औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला आहे. प्रोमेथाझिनने दोन वर्षांखालच्या मुलांचा श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. मुलाला झोपवण्यासाठी औषध हा पर्यायच नाही. गाडी लागण्याचा त्रास नेहमीचा असेल तर प्रवासाच्या आठवडाभर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारावं.

जे याही वेळी जमलं नाही

शेवटची पंचवीस मिनिटं रडण्यात गेली. खेड शिवापूर ओलांडल्यावर पुढे नेहमीची कोंडी, मोबाइल नुकताच काढून घेतलेला, राखीव पुडकी संपलेली. चूक मोबाइलच्या वेळेत होती. तो शिरवळपासूनच देऊन टाकला आणि खरी गरज पडली तेव्हा हाती काही उरलं नाही. शहरात शिरतानाचा टप्पा अंतराने लहान असतो पण वेळाने लांब, आणि मूल तोवर सगळ्यात दमलेलं असतं. दोन चांगली पुडकी आणि तो वीस मिनिटांचा पडदा त्याच टप्प्यासाठी झाकून ठेवायला हवा होता.

दुसरं, कागलचा थांबा फसला. पंपावर वाहनं इतकी की मुलीला खाली सोडताच येईना. वीस मिनिटं ती कडेवरच राहिली, आणि पुढच्या टप्प्यात पन्नासाव्या मिनिटालाच किरकिर सुरू झाली. थांबा निवडताना स्वच्छतागृहाइतकीच मोकळी, कुंपण असलेली जागा बघायला हवी.

पुढच्या वर्षी जातानाची आखणी यातूनच झाली आहे. जाताना घाट शेवटी येतो, म्हणून पहाटे पाचला निघून तीनच्या आत आजरा गाठायचा. तिथे चाळीस मिनिटं पळणं. खाणं हलकं आणि घाटाच्या तासभर आधी संपवलेलं, दूध घाट उतरल्यावरच. आंबोली दिवसाउजेडी उतरायची, पुडकी बंद, पडदा बंद, खिडकी दोन बोटं उघडी, आणि शेजारी बसलेल्या आईने दूरचे डोंगर दाखवत राहायचं. मोदकपात्र आणि तबक आदल्या रात्रीच डिकीत.